सूत्रकृमींच्या जनुकशास्त्रासाठी ऑनलाइन जीनोम डेटाबेस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सूत्रकृमींवर नव्याने काम सुरू करणारे विद्यार्थी आणि दुसऱ्या विषयातून इकडे वळलेले संशोधक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक उदाहरणे सी. एलेगन्स या कृमीची आहेत, कारण इतर सूत्रकृमींच्या जनुकांचा अर्थ लावताना आजही त्याचाच आधार घ्यावा लागतो. जनुकांची आणि स्ट्रेनची (कृमींच्या वेगवेगळ्या वाणांची) नावे येथे देवनागरीत लिहिली असली, तरी डेटाबेसच्या शोधपेटीत ती रोमन अक्षरांतच टाकावी लागतात.

एनसीबीआय आणि एन्सेम्बल असताना सूत्रकृमींसाठी वेगळा डेटाबेस कशाला?

सी. एलेगन्सच्या जनुकांच्या ज्या रचना एनसीबीआय किंवा एन्सेम्बल या अनेक जीवांच्या सामायिक डेटाबेसवर दिसतात, त्या मुळात वर्मबेस या सूत्रकृमींच्या डेटाबेसमधूनच तिकडे जातात. त्यामुळे केवळ डीएनएचा क्रम हवा असेल, तर कुठूनही घेतला तरी चालतो. वर्मबेसचे खरे मोल आहे ते त्या क्रमाला जोडलेल्या माहितीत. कोणत्या उत्परिवर्तनाने कृमी लुळा पडतो, ते उत्परिवर्तन नेमके कोणत्या बेसवर आहे, कोणत्या स्ट्रेनमध्ये ते मिळेल, ते जनुक कोणत्या चेतापेशीत व्यक्त होते आणि हे सगळे कोणत्या शोधनिबंधात नोंदले गेले, अशी माहिती संपादकांनी निबंध वाचून हाताने भरलेली आहे.

या कामाला मोठी परंपरा आहे. सी. एलेगन्सचा जीनोम डिसेंबर १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि बहुपेशीय प्राण्याचा तो पहिला जीनोम ठरला. पण त्याच्याही आधी, रिचर्ड डर्बिन आणि जाँ थिएरी-मिएग यांनी याच प्रकल्पासाठी एसीडीबी ही डेटाबेस प्रणाली तयार केली होती, आणि २००० साली सुरू झालेला वर्मबेस तिच्याच पायावर उभा राहिला. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये वर्णन केलेली उत्परिवर्तने आजही त्याच नावांनी तिथे सापडतात. पन्नास वर्षांची माहिती अशी एका धाग्यात राहणे इतर फार थोड्या प्राण्यांच्या वाट्याला आले आहे.

मग नेमके कुठे जावे?

सी. एलेगन्सच्या एखाद्या जनुकाचा प्रश्न असेल तर वर्मबेस. परजीवी सूत्रकृमी किंवा चपटे कृमी असतील तर वर्मबेस पॅरासाइट. निसर्गातून गोळा केलेल्या स्ट्रेनमधील फरक पाहायचे असतील तर सेन्डर. चेतापेशींच्या प्रत्येक वर्गात कोणती जनुके व्यक्त होतात हे पाहायचे असेल तर सेन्जेन. शरीररचनेसाठी वर्मअ‍ॅटलास. कृमी, माशी, झेब्राफिश, उंदीर आणि यीस्ट यांच्यातील समकक्ष जनुके एकाच पानावर हवी असतील तर अलायन्स ऑफ जीनोम रिसोर्सेस. ही शेवटची संस्था २०१६ मध्ये अनेक डेटाबेसनी एकत्र येऊन उभी केली आणि वर्मबेस तिचा संस्थापक सदस्य आहे. वर्मबेसमधील बरीचशी माहिती आता तिथेही दिसते.

एकाच जनुकाला इतकी नावे का असतात?

डॅफ-१६ हे जनुक घेऊ. दीर्घायुष्याच्या अभ्यासात त्याचे नाव सतत येते आणि माणसाच्या फॉक्सओ गटातील जनुकांशी त्याचे नाते आहे. 'डॅफ-१६' हे त्याचे आनुवंशिक नाव झाले. ही नावे फिनोटाइपवरून (दिसणाऱ्या लक्षणांवरून) किंवा प्रथिनाच्या प्रकारावरून ठेवली जातात: तीन-चार अक्षरे, मग जोडरेघ आणि शेवटी क्रमांक. तिरप्या लहान अक्षरांत लिहिले तर जनुक आणि सरळ मोठ्या अक्षरांत लिहिले तर प्रथिन, असा संकेत आहे.

याच जनुकाचे क्रमाधारित नाव 'आर१३एच८.१' आहे. 'आर१३एच८' हा जीनोमचा क्रम लावताना वापरलेला एक कॉस्मिड (डीएनएचा क्लोन केलेला तुकडा) आणि पुढचा आकडा त्या कॉस्मिडवरील जनुकाचा. 'वाय' ने सुरू होणारी नावे यीस्टच्या कृत्रिम गुणसूत्रांवरून आली आहेत. उदाहरणार्थ, डॅफ-२ चे 'वाय५५डी५ए.५'. ज्या हजारो जनुकांचा प्रयोगाने अभ्यास झालेला नाही, त्यांना अनेकदा एवढेच नाव असते. नावाच्या शेवटी ए, बी, सी असे अक्षर लागले की ते विशिष्ट आयसोफॉर्मचे (एकाच जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाच्या एका रूपाचे) नाव होते, आणि येथे अनेकांची फसगत होते. 'अमुक क्रमांकाचे अमिनो आम्ल बदलले आहे' या विधानाला आयसोफॉर्म सांगितल्याशिवाय अर्थ नसतो, कारण दोन आयसोफॉर्मची सुरुवात वेगळ्या एक्सॉनपासून (अंतिम आरएनएत राहणाऱ्या तुकड्यापासून) होत असेल तर तेच अमिनो आम्ल दोन वेगळ्या क्रमांकांवर येते.

तिसरी ओळख आहे वर्मबेसचा स्थायी क्रमांक: 'डब्ल्यूबीजीन' ही अक्षरे आणि पुढे आठ अंक. डॅफ-१६ चा क्रमांक आहे डब्ल्यूबीजीन०००००९१२. जनुकाचे नाव बदलते, दोन जनुके एकत्र केली जातात किंवा एकाची दोन होतात, पण हा क्रमांक पुन्हा दुसऱ्या कुणाला दिला जात नाही आणि त्याचा इतिहास पाहता येतो. म्हणून तक्त्यात पहिला रकाना याच क्रमांकाचा असावा. नाव शेजारी ठेवावे, ते माणसाने वाचण्यासाठी.

याला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. सेपरेज हे विकर बनवणाऱ्या जनुकाचे नाव सेप-१, माणसाच्या एपीसी या जनुकाशी संबंधित जनुकाचे एपीआर-१ आणि सेंद्रिय कॅटायनांच्या वाहकाचे ओसीटी-१. ही तीन नावे रोमन लिपीत एक्सेलमध्ये टाकून पाहावीत. पहिले १ सप्टेंबर होते, दुसरे १ एप्रिल आणि तिसरे १ ऑक्टोबर. फाइल त्या रूपात साठवली की मूळ नाव परत मिळत नाही. स्तंभाचा प्रकार आधीच 'मजकूर' असा ठरवला तर हे टळते, पण दहा जणांच्या हातांतून फिरणाऱ्या फाइलमध्ये कुणीतरी ते विसरतेच. स्थायी क्रमांकाची तारीख होऊ शकत नाही.

डब्ल्यूएस क्रमांक, डब्ल्यूबीसेल२३५, सीई११: या सगळ्या एकच गोष्टी आहेत का?

नाहीत, आणि हा फरक समजून घेण्यात घालवलेला अर्धा तास पुढे कित्येक आठवडे वाचवतो.

डीएनएचा क्रम आणि त्या क्रमावर जनुके कुठे आहेत याची आखणी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रमाच्या आवृत्तीला असेम्ब्ली म्हणतात. सध्या प्रचलित असलेली सी. एलेगन्सची असेम्ब्ली डब्ल्यूबीसेल२३५ आहे, आणि यूसीएससीच्या जीनोम ब्राउझरमध्ये तिलाच सीई११ म्हणतात. त्याआधीची सीई१० ही वर्मबेसच्या डब्ल्यूएस२२० शी जुळते. वर्मबेसच्या आवृत्त्या मात्र डब्ल्यूएस या अक्षरांनी मोजल्या जातात आणि त्या सतत येत राहतात. डब्ल्यूएस२३५ नंतरच्या आवृत्त्यांत असेम्ब्ली तीच राहिली, पण जनुकांच्या रचना, नावे, फिनोटाइप आणि अलील (जनुकाची वेगवेगळी रूपे) यांत प्रत्येक वेळी भर पडली किंवा दुरुस्ती झाली. म्हणजे असेम्ब्ली एकच असूनही दोन आवृत्त्यांतील जनुकांची संख्या वेगळी निघू शकते, आणि तसे झाले तर ती चूक नसते.

फाइल कोणत्या असेम्ब्लीची आहे हे कुठेच लिहिलेले नसेल, तर गुणसूत्रांची लांबी पाहावी. पहिल्या गुणसूत्राची लांबी सीई१० मध्ये १,५०,७२,४२३ बेस आहे आणि सीई११ मध्ये १,५०,७२,४३४. फरक अवघ्या ११ बेसचा. दीड कोटीत ११ म्हणजे काहीच नाही असे वाटते, आणि ब्राउझरमध्ये जनुक अगदी जागेवर दिसते, म्हणूनच ही चूक लवकर लक्षात येत नाही. एका बेसच्या बदलाचा प्रश्न आला, की मग हिशेब चुकतो. मी स्वतः एकदा जुन्या तक्त्यातील स्थाने नव्या असेम्ब्लीवर तपासत बसलो होतो. गुणसूत्राच्या डाव्या टोकाकडचे बदल बरोबर जुळत होते आणि पुढचे जुळत नव्हते, त्यामुळे आठवडाभर मी सिक्वेन्सिंगवरच संशय घेत राहिलो. तक्त्याच्या नावातच जुन्या आवृत्तीचा क्रमांक होता आणि तो मी वाचला नव्हता.

स्थाने एका असेम्ब्लीवरून दुसरीवर न्यायची असतील तर त्यासाठी रूपांतराची साधने आहेत. हाताने आकडे मिळवू किंवा वजा करू नयेत, कारण फरक गुणसूत्रभर सारखा नसतो. डब्ल्यूबीसेल२३५ मध्ये सहा गुणसूत्रे आणि मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए मिळून एकूण १०,०२,८६,४०१ बेस आहेत. आपल्या फाइलची बेरीज याच्याशी जुळते का, हे पाहायला मिनिटही लागत नाही.

दोन फाइलींची तुलना केली तर एकही जुळणी मिळत नाही. काय चुकले असावे?

बहुधा गुणसूत्रांची नावे. वर्मबेसमध्ये गुणसूत्राचे नाव केवळ रोमन अंकाने लिहितात, तर यूसीएससीत त्याआधी 'सीएचआर' ही अक्षरे लावतात. मायटोकॉन्ड्रियाचे नाव तर दोन्हीकडे वेगळेच आहे, त्यामुळे केवळ ती अक्षरे जोडून किंवा काढून भागत नाही. ते नाव स्वतंत्रपणे बदलावे लागते.

जुळणी मिळाली पण सगळे एका बेसने सरकलेले दिसत असेल, तर मोजणीची पद्धत तपासावी. जीएफएफ३ आणि बेड ही जीनोमवरील स्थाने लिहिण्याची दोन फाइल-स्वरूपे आहेत. जीएफएफ३ फाइलमध्ये मोजणी १ पासून सुरू होते आणि शेवटचा बेस धरला जातो. बेड फाइलमध्ये ती ० पासून सुरू होते आणि शेवटचा आकडा धरला जात नाही. गुणसूत्राचे पहिले शंभर बेस जीएफएफ३ मध्ये १ ते १०० असे लिहितात आणि बेडमध्ये ० ते १०० असे.

जनुकाच्या पानावरील कोणत्या माहितीवर किती विश्वास ठेवावा?

प्रत्येक विधानाखाली कशाचा आधार आहे ते पाहून. पानाच्या वरच्या बाजूला असलेला जनुकाचा परिचय वाचायला सोपा असतो, पण त्यातील अनेक परिच्छेद खालच्या नोंदी एकत्र करून संगणकाने लिहिलेले असतात. तो परिच्छेद म्हणजे केवळ दिशादर्शक पाटी आहे. उद्धृत करण्याजोगा आधार खालच्या नोंदींत असतो.

कार्याविषयीच्या जीन ऑन्टॉलॉजीच्या (जनुकांच्या कार्यासाठीच्या ठरावीक शब्दसंग्रहाच्या) नोंदींना पुराव्याचा संकेत जोडलेला असतो. आयएमपी म्हणजे उत्परिवर्तित कृमीच्या फिनोटाइपवरून काढलेला निष्कर्ष, आयडीए म्हणजे थेट प्रयोगाने पाहिलेली गोष्ट, आणि आयईए म्हणजे कुणीही न तपासता, क्रमातील साम्यावरून संगणकाने दिलेली नोंद. आयईए नोंद खोटी असते असे नाही, परंतु 'हे प्रथिन किनेज आहे' असे निबंधात लिहिण्यासाठी ती पुरेशी नाही. काही नोंदींपुढे 'नाही' असा शेरा असतो. तक्ता उतरवून घेताना तो रकाना गळाला तर अर्थ नेमका उलटा होतो.

फिनोटाइपचा रकाना रिकामा असेल तर त्या जनुकाला काही काम नाही असे समजावे का?

नाही. रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिले नाही, किंवा पाहिलेले अजून नोंदवले गेले नाही. 'पाहिले, पण आढळले नाही' या निरीक्षणासाठी वर्मबेसमध्ये वेगळा तक्ता आहे, आणि तो पहिल्या तक्त्याइतक्याच काळजीने वाचायला हवा. मोठ्या आरएनएआय (आरएनए वापरून जनुक दाबण्याच्या) चाचण्यांमध्ये हजारो जनुकांची नोंद 'आढळले नाही' अशी झाली आहे. पण त्या चाचण्या ठरावीक तापमानाला, ठरावीक लक्षणांसाठी आणि बहुतेक वेळा तो आरएनए बनवणारे जीवाणू खाऊ घालून केलेल्या असतात. चेतापेशींवर अशा आरएनएआयचा परिणाम कमी होतो हे सर्वांना माहीत आहे. तेव्हा चेतापेशींतील जनुकाला आरएनएआयमध्ये काहीच आढळले नसेल, तर त्यावरून जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही.

अलील कसा निवडावा आणि स्ट्रेन कुठून मिळवावा?

अलीलच्या नावातील अक्षरे तो कोणत्या प्रयोगशाळेत सापडला हे सांगतात. 'ई' म्हणजे केंब्रिजमधील ब्रेनर यांची प्रयोगशाळा, 'टीएम' म्हणजे जपानचा नॅशनल बायोरिसोर्स प्रोजेक्ट आणि 'ओके' म्हणजे ओक्लाहोमातील नॉकआउट प्रकल्प. डॅफ-२(ई१३७०) हा अलील असलेला स्ट्रेन सीबी१३७० आहे. म्हणजे स्ट्रेनचे नाव वेगळे, अलीलचे वेगळे. बरेचसे स्ट्रेन मिनेसोटा विद्यापीठातील सीनोऱ्हॅब्डायटिस जेनेटिक्स सेंटरकडून मागवता येतात, आणि टीएम अलील जपानहून.

मागणी नोंदवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बदल नेमका काय आहे. जनुकाचा मोठा तुकडा गेला म्हणजे कार्य पूर्ण थांबले असे नाही. कापलेल्या भागानंतर वाचनचौकट (तीन-तीन बेसची मांडणी) तशीच राहिली, तर आखूड पण काम करणारे प्रथिन तयार होऊ शकते. दुसरी, त्या तुकड्यात आणखी काय गेले. तिसरी, पार्श्वभूमीत आणखी किती बदल आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मिलियन म्यूटेशन प्रोजेक्टमध्ये उत्परिवर्तन घडवलेल्या २,००७ स्ट्रेनचा पूर्ण क्रम वाचला गेला आणि एकेका स्ट्रेनमध्ये सरासरी सुमारे ४०० बदल आढळले. एखादा स्ट्रेन त्या संग्रहातून घेतला आणि मूळ स्ट्रेनशी पुन्हा पुन्हा संकर न करता वापरला, तर दिसलेला फिनोटाइप या चारशेपैकी कुणाचा हे सांगता येणार नाही.

जीनोटाइप तपासण्यासाठी प्रायमर करताना अलीलच्या पानावरील बदलाच्या दोन्ही बाजूंचा डीएनए क्रम उचलावा. गुणसूत्रावरील स्थान असेम्ब्लीबरोबर बदलते; हा क्रम बदलत नाही.

जनुक काढून टाकण्यापूर्वी किंवा प्रमोटर (जनुक सुरू करणारा भाग) निवडण्यापूर्वी ब्राउझरमध्ये काय पाहावे?

शेजार पाहावा. सी. एलेगन्सची जनुके दाटीवाटीने राहतात. सुमारे २०,००० प्रथिन-जनुके दहा कोटी बेसमध्ये बसलेली आहेत, आणि कधी एका जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएतून नंतर कापल्या जाणाऱ्या भागात) दुसरे जनुक असते. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे लिन-४. पहिला मायक्रोआरएनए म्हणून १९९३ मध्ये ज्याचे स्वरूप उलगडले आणि ज्या शोधासाठी व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले, ते हे चिमुकले जनुक दुसऱ्या एका प्रथिन-जनुकाच्या इंट्रॉनमध्ये बसलेले आहे. त्या मोठ्या जनुकाचा सगळा भाग कुणी डोळे झाकून कापला, तर दिसणारा फिनोटाइप लिन-४ चा असेल आणि निबंधात नाव दुसऱ्याचे जाईल. म्हणून ब्राउझरमध्ये केवळ प्रथिन-जनुकांचा ट्रॅक न ठेवता प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएचा ट्रॅकही सुरू करावा.

दुसरी अडचण ऑपेरॉनची. जीवाणूंप्रमाणे सी. एलेगन्सचीही सुमारे १५ टक्के जनुके ऑपेरॉनमध्ये आहेत: अनेक जनुकांचा मिळून एकच लांब आरएनए तयार होतो आणि ट्रान्स-स्प्लायसिंगने (प्रत्येक जनुकाच्या आरएनएच्या सुरुवातीला 'लीडर' हा छोटा आरएनए जोडून) तो तोडला जातो. 'सुरुवातीच्या कोडॉनच्या वरचे दोन हजार बेस म्हणजे प्रमोटर' हा नेहमीचा आडाखा अशा ऑपेरॉनमधील दुसऱ्या-तिसऱ्या जनुकाला लागू पडत नाही. त्याच्या वर असते ते आधीच्या जनुकाचे शेपूट. खरा प्रमोटर ऑपेरॉनच्या तोंडाशी असतो. असे जनुक एसएल२ या लीडरने सुरू होत असेल, तर तो ऑपेरॉनचा भक्कम पुरावा मानावा.

परजीवी सूत्रकृमींच्या जीनोमवर तितकाच भरवसा ठेवता येतो का?

सरसकट नाही. सी. एलेगन्सचा जीनोम टोकापासून टोकापर्यंत जोडलेला आहे आणि अनेक वर्षे हाताने सुधारलेला आहे. परजीवींपैकी काहींचेच जीनोम त्या तोडीचे आहेत. वर्मबेस पॅरासाइटवर एकेका प्रजातीच्या एकाहून अधिक असेम्ब्ली असू शकतात. त्यांपैकी कोणती निवडावी हे ठरवताना तुकड्यांची संख्या, एन५० (तुकडे किती लांब आहेत याचे माप) आणि बुस्कोचा आकडा पाहावा. सर्व सूत्रकृमींत सहसा एकेकच प्रत असणारी जनुके या असेम्ब्लीत पूर्ण सापडतात का आणि दुप्पट तर दिसत नाहीत ना, हे बुस्को सांगतो. 'दुप्पट'चा आकडा मोठा असेल तर दोन शक्यता असतात: असेम्ब्ली करताना एकाच जनुकाच्या दोन किंचित वेगळ्या प्रती वेगळ्या मोजल्या गेल्या, किंवा त्या कृमीच्या जीनोममध्ये खरोखरच जास्त प्रती आहेत. मुळांवर गाठी करणाऱ्या मेलॉइडोगायनी इन्कॉग्निटाच्या बाबतीत दुसरी शक्यता खरी आहे. हा कृमी नर-मादी संकराशिवाय वाढतो आणि त्याच्या जीनोममध्ये एकाच भागाच्या एकमेकींपासून दूर गेलेल्या अनेक प्रती आहेत. त्याचा जीनोम २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याची सी. एलेगन्सशी एकास-एक जुळणी शोधणारा तक्ता तेव्हापासून लोकांना गोंधळात टाकत आला आहे.

काही कृमींत डीएनए कोणत्या ऊतीतून काढला यालाही महत्त्व आहे. अ‍ॅस्कॅरिसच्या शरीरपेशी वाढीच्या सुरुवातीलाच आपल्या जीनोमचा काही भाग टाकून देतात. तो जननपेशींतच शिल्लक राहतो. आतड्यातून घेतलेल्या नमुन्यात एखादे जनुक सापडले नाही, तर ते कृमीतच नाही असे म्हणता येत नाही.

हत्तीरोगाला कारणीभूत होणाऱ्या ब्रुगिया मलायीसारख्या फायलेरिया कृमींमध्ये वोल्बाकिया हे जीवाणू राहतात. त्यांचा डीएनए नमुन्यात येतोच. भरीस भर म्हणजे त्या जीवाणूचे काही तुकडे खुद्द कृमीच्या गुणसूत्रांतही शिरलेले आढळतात. एखाद्या तुकड्यात जीवाणूंसारखे जनुक दिसले की तो गाळून टाकण्यापूर्वी त्याच्या दोन्ही बाजूंना इंट्रॉन असलेली कृमीची जनुके आहेत का, हे पाहावे.

परजीवीतील जनुकाचा सी. एलेगन्समधील जोडीदार कसा ठरवावा?

ब्लास्ट या साम्य शोधणाऱ्या साधनातील पहिला हिट हा जोडीदार असे गृहीत धरू नये. बेन्झिमिडाझोल गटाच्या कृमिनाशकांना होणाऱ्या प्रतिकाराचे उदाहरण घेऊ. सी. एलेगन्समध्ये बेन-१ हे बीटा-ट्युब्युलिनचे जनुक निकामी झाले की कृमी या औषधांना दाद देत नाही. मेंढ्यांच्या पोटात राहणाऱ्या हिमॉन्कस कॉन्टॉर्टसमध्ये प्रतिकार येतो तो आयसोटाइप-१ या बीटा-ट्युब्युलिनमधील १६७, १९८ किंवा २०० या स्थानांवरील अमिनो आम्ल बदलल्याने. आता आयसोटाइप-१ चा क्रम सी. एलेगन्सवर ब्लास्ट केला, तर तिथली सहाच्या सहा बीटा-ट्युब्युलिन प्रथिने वरच्या ओळींत येतात, बहुतेक विलक्षण साम्याची, आणि गुणांमधला फरक इतका थोडा की पहिला कोण याला फारसा अर्थ उरत नाही.

अशा वेळी दोन्ही प्रजातींतील सगळी ट्युब्युलिन, शिवाय आणखी दोन-तीन सूत्रकृमींतील, एकत्र घेऊन वंशवृक्ष काढावा. वर्मबेस पॅरासाइटवर जनुकांचे तयार वृक्ष असतात, पण त्यांत एखाद्या प्रजातीची जनुक-रचना चुकलेली असेल तर तिची फांदी विचित्र लांब दिसते. तेव्हा ती रचना ब्राउझरमध्ये उघडून आरएनएच्या रीड्सशी (सिक्वेन्सिंगमध्ये वाचलेल्या तुकड्यांशी) ताडून पाहावी. आणि दोन जनुके एकच काम करतात का, याचे उत्तर वृक्षही देत नाही. ते प्रयोगानेच मिळते: हिमॉन्कसचे आयसोटाइप-१ जनुक बेन-१ निकामी झालेल्या सी. एलेगन्समध्ये घातल्यावर कृमी पुन्हा औषधाला बळी पडू लागतो, हे १९९५ मध्ये दाखवले गेले.

ब्लास्टमध्ये काहीच सापडले नाही, म्हणजे ते जनुक त्या प्रजातीत नाही का?

प्रथिनांच्या यादीत नाही, एवढेच. जनुकांची आखणी करताना ते निसटले असेल तर प्रथिनांच्या यादीत ते नसणारच, म्हणून टीब्लास्टएन वापरून प्रथिनाचा क्रम थेट जीनोमवर शोधावा. तरीही काही मिळाले नाही, तर संपूर्ण प्रथिनाऐवजी फक्त डोमेन घेऊन शोधावे, मग जुळणी न झालेले मूळ रीड्स पाहावेत. त्याच प्रजातीची दुसरी असेम्ब्ली उपलब्ध असेल तर तीही. एवढे केल्यावर 'आढळले नाही' असे लिहिता येते. ई-मूल्याची (असे साम्य योगायोगाने किती वेळा मिळेल या आकड्याची) तुलना दोन वेगळ्या डेटाबेसमध्ये करू नये. ते डेटाबेसच्या आकारावर अवलंबून असते.

संदर्भ जीनोम ज्या एन२ स्ट्रेनचा आहे, त्याला 'जंगली' म्हणावे का?

तसे म्हणण्याचा प्रघात आहे. पण एन२ अनेक वर्षे प्रयोगशाळेत वाढला आणि तिथल्या आयुष्याला सरावला. एनपीआर-१ या जनुकाचा एन२ मधील अलील प्रयोगशाळेतच उद्भवलेला आहे. त्यामुळे एन२ चे कृमी अन्नावर एकेकटे विखुरतात, तर हवाईहून आलेल्या सीबी४८५६ सारख्या स्ट्रेनचे कृमी घोळक्याने बसतात. या दोन स्ट्रेनचा संकर करून उत्परिवर्तनाची जागा शोधताना वर्तनाच्या आणि इतरही अनेक लक्षणांत एक्स गुणसूत्रावरील या जनुकाचा परिणाम डोकावतो. पहिल्या गुणसूत्रावर पील-१ आणि झील-१ ही विष-उताऱ्याची जोडी आहे. ती एन२ मध्ये आहे आणि सीबी४८५६ मध्ये नाही, त्यामुळे त्या भागात एन२ चे अलील अपेक्षेपेक्षा जास्त मिळतात. हा उत्परिवर्तनाचा संकेत समजून महिनाभर त्या भागात खोदकाम करण्यापूर्वी सेन्डरवर तो भाग उघडून पाहावा.

शेकडो जनुकांची माहिती एकदम कशी घ्यावी?

पान उघडून नकलू नये. वर्मबेसच्या सिंपलमाइनमध्ये जनुकांची यादी टाकली की स्थायी क्रमांक, नावे, फिनोटाइप आणि आरएनएआयचे निष्कर्ष एका तक्त्यात मिळतात. परजीवींसाठी वर्मबेस पॅरासाइटवरील बायोमार्ट आहे. संपूर्ण जीनोमवर काम असेल तर विशिष्ट आवृत्तीची जीएफएफ३ फाइल उतरवून घ्यावी आणि फाइलच्या नावातील आवृत्तीचा क्रमांक पुसू नये.

यादीतील किती नावे ओळखली गेली नाहीत, हे आधी पाहावे. ती बहुधा जुनी, एकत्र केलेली किंवा बाद झालेली जनुके असतात. ती गुपचूप गळू दिली, तर समृद्धीच्या विश्लेषणात (यादीत कोणत्या प्रकारची जनुके अपेक्षेपेक्षा जास्त आहेत हे पाहताना) आकडे थोडे बदलतात आणि नंतर कुणालाही ते जुळवून दाखवता येत नाहीत.

निबंधात डेटाबेसचा उल्लेख कसा करावा?

डेटाबेसचे नाव, आवृत्तीचा डब्ल्यूएस क्रमांक, असेम्ब्ली आणि परजीवी असेल तर प्रकल्पाचा बायोप्रोजेक्ट क्रमांक. जनुकांसाठी पहिल्या उल्लेखात नावाबरोबर स्थायी क्रमांक, अलीलसाठी स्ट्रेनचे नाव. संकेतस्थळ पाहिल्याची तारीख आवृत्तीच्या क्रमांकाची जागा घेऊ शकत नाही.

नोंदीत चूक आढळली तर काय करावे?

कळवावी. वर्मबेसच्या पानांवर मदतकेंद्राला लिहिण्याची सोय आहे, आणि तिकडून उत्तर देणारी माणसे बहुतेक वेळा स्वतः या विषयात काम केलेली असतात. केवळ 'ही रचना चुकीची आहे' असे लिहिण्यापेक्षा सीडीएनएचा क्रम, एक्सॉनच्या सीमा ओलांडणारे रीड्स किंवा संबंधित निबंध जोडावा. नव्या जनुकाला नाव द्यायचे असेल तर ते छापण्याआधी मंजूर करून घ्यावे, नाहीतर तेच नाव आधीच दुसऱ्याला दिलेले असण्याचा धोका असतो. दुरुस्ती मान्य झाली तरी ती त्याच दिवशी दिसत नाही. ती पुढच्या आवृत्तीत येते. तोपर्यंत आपल्या तक्त्यात ती रचना स्वतंत्रपणे नोंदवून, ती कोणत्या आवृत्तीपेक्षा वेगळी आहे ते तिच्याशेजारीच लिहून ठेवावे.